सरस

चौदा नंबरच्या डिशमध्ये आज एंडोथेलिन घातलं.
एकवीस अमिनो आम्लांची एवढीशी माळ,
थेंबाच्याही हिशेबात न बसणारी.
पण पेशीच्या दारावर तिची थाप पडली की
आत कॅल्शियमची लाट उठते,
आणि दोन दिवसांनी मोजायला बसावं तर
शंभराच्या जागी दीडशे ग्लिया,
पसरट, ऐसपैस, एकमेकींना खेटून,
लग्नघरातल्या सतरंजीवर झोपलेल्या बायकांसारख्या.

रमणभाई बाटल्या विसळता विसळता विचारतात,
"बेन, आ वधे छे के?"
वाढतात, मी म्हणते.
कशाला वाढतात ते त्यांनी कधी विचारलं नाही.
ते विचारण्याचा मला पगार मिळतो,
त्यांना साबणाने भेगाळलेली बोटं.

ग्लिया म्हणजे ग्रीकांच्या भाषेत सरस.
पहिल्या तासाला हे सांगितलं की वर्ग हसतो दरवर्षी,
कारण निम्मी मुलं घरी गुजराती बोलतात
आणि त्यांचं सरस म्हणजे छान, फक्कड.
असू दे. चिकटवणारं ते छान,
एवढं लिहिलं तरी मी मार्क देईन.

पंधरा नंबरमध्ये दुसरा थेंब आहे.
ही माळ हृदयात ओवली जाते,
वरच्या दालनांत, भिंतींवर रक्ताचा ताण आला की.
ती ग्लियाला सांगते: पुरे.
हृदयाने मेंदूच्या चाकरांना पुरे म्हणावं,
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा
पान तसंच पालथं घालून
मी कमाटी बागेपर्यंत चालत गेले होते
आणि एका बाकावर, काही न खाता, बसून आले होते.

तेव्हा आई धडधाकट होती.

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
पोहे भिजवता भिजवता ती पडली.
अलकापुरीतल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली:
डावीकडे, कपाळाच्या मागे, पावलीएवढा डाग.
"इथे आता व्रण धरेल," ते म्हणाले.
कोण धरणार ते मला ठाऊक होतं.
ह्याच.
बोलावणं गेलं असेल, त्याच एकवीस मण्यांचं,
आणि ह्या धावत सुटल्या असतील,
वाढत, फुगत, हातात हात अडकवत,
आग पलीकडे जाऊ नये म्हणून
रातोरात भिंत घातली असेल.
शब्दही अडतील,
एवढा विचार करायची त्यांची पेशा नाही.

आईची मराठी भिंतीमागे राहिली.
शेजारणींकडून चाळीस वर्षांत उचललेली गुजरातीसुद्धा,
एक शब्द सोडून.
पाणी दिलं: सरस.
नर्सने सुई टोचली: सरस.
बाबांचा फोटो समोर धरला,
बराच वेळ बघून, सरस.
बाबा असते तर उसळले असते,
जन्मभर माझ्या कुठल्या गोष्टीला सरस म्हणाली नाही ही बाई.

रात्री मी तिच्या डोक्याला तेल लावते.
बोटांखाली कवटी, कवटीखाली त्या,
कानकोंड्या, कष्टाळू, ऐकू न येणाऱ्या.
पुरे, मी म्हणते. आता पुरे, बायांनो.
थांबायला सांगणारा तो थेंब
माझ्या प्रयोगशाळेत उणे वीस अंशांवर गोठलेला आहे
आणि तो उंदरांच्या पेशींसाठी आहे,
मंजुरीच्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलंय.

चौदा: वाढ. पंधरा: वाढ नाही.
बाकीचे आकडे उद्या.

काल एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी केली.
मला ती कधीच जमली नाही.
आईने घास तोंडात घेतला,
फिरवला, डोळे बारीक केले.
मी सरसची वाट बघत होते.
"गोळा," ती म्हणाली.
पुन्हा, ताटलीकडे बोट दाखवून,
चांगली रागावून:
"गोळा झालाय."

वहीत तारीख घातली. वेळ, साडेआठ.
नमुना: एक.
तुलनेला कोणी नाही.